गाडीत फोनसाठी किती वॅटचा चार्जर घ्यावा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कराडचे. कामासाठी पुण्याला सारखं जाणं-येणं असतं. गाडी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, फोन ५००० एमएएच बॅटरीचा आणि त्याच्यासोबत घरी वापरायला ३३ वॅटचा चार्जर आलेला. गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीला केबल लावता आणि मॅप चालू ठेवता. तरी निघताना ६० टक्के असलेली बॅटरी तीन तासांनी पुण्यात ४० वर आलेली असते. दुकानदाराने १२० वॅटचा कार चार्जर घ्यायला सांगितलं. मेव्हणे म्हणतात की एवढ्या मोठ्या चार्जरने गाडीची बॅटरीच बसेल. मग किती वॅटचा घ्यायचा?

मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. कास, ठोसेघर, महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे थांबतात, हायवेवरून ये-जा करणारे नेहमीचे लोकही येतात, आणि ही तक्रार बाराही महिने असते. माझं उत्तर असं : तुम्हाला १२० वॅट लागत नाहीत, पण आता जे चाललंय त्यातही भागणार नाही. आणि खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. चार्जरमधून निघालेली वीज तुमच्या फोनपर्यंत किती पोचते आणि पोचलेली फोन घेतो किती, हे बघायला हवं. वीज गळण्याच्या जागा चार-पाचच आहेत, त्या एकेक करून पाहू.

आधी तुमचाच हिशेब करतो. ५००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास, म्हणजे १९ वॅट एक तास पुरवता येतील एवढी वीज. त्यातले २० टक्के, म्हणजे जवळपास ४ वॅट-तास, तीन तासांत कमी झाले. म्हणजे सतत सव्वा-दीड वॅटचा तोटा. तुमच्या गाडीच्या वयाच्या बहुतेक म्युझिक सिस्टिमचा यूएसबी मुळात पेनड्राइव्हमधली गाणी वाचण्यासाठी दिलेला असतो. त्यातून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट. त्यातला थोडा वाटेत जातो. मग फोन खातो किती? साडेतीन ते चार वॅट. मॅप चालू, स्क्रीन उजेडात, मोबाइल डेटा आणि जीपीएस सतत सुरू, अशा फोनला एवढे लागतातच. तुमचा फोन खराब नाही, बॅटरीही गेलेली नाही. जमेपेक्षा खर्च जास्त आहे, एवढंच.

हा खर्च सगळीकडे सारखा नसतो, हेही सांगायला हवं. दुपारच्या उन्हात स्क्रीन पूर्ण उजेडावर गेली की तो वाढतो. घाटात रेंज अधूनमधून जाते, तेव्हा टॉवर धरून ठेवायला फोन जास्त जोर लावतो. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जाणाऱ्यांचा किंवा कुंभार्ली उतरून चिपळूणला जाणाऱ्यांचा फोन हायवेपेक्षा लवकर उतरतो, त्याचं एक कारण हेच. वायरलेस अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचा मॅप केबलशिवाय गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, चालवणाऱ्यांचा खर्च आणखी वाढतो, कारण फोनचा वायफायही सारखा राबत असतो. म्हणून मी ढोबळ पाच वॅट धरतो. पाच वॅट भागवून वर जे उरेल, तेवढंच खरं चार्जिंग.

तेव्हा पहिला बदल असा की म्युझिक सिस्टिमचा यूएसबी चार्जिंगसाठी सोडून द्या. गियरच्या पुढे जो गोल १२ व्होल्टचा सॉकेट असतो, ज्याला आपण लायटर सॉकेट म्हणतो, त्यात चार्जर लावायचा. केबलवरचं अँड्रॉइड ऑटो वापरत असाल तर अडचण येते, कारण त्याला केबल म्युझिक सिस्टिमलाच जोडावी लागते. मग लांबच्या प्रवासात फोन होल्डरवर लावून थेट त्याच्यावरच मॅप बघा आणि चार्जिंग सॉकेटवरून घ्या. नव्या गाड्यांत टाइप-सीचे वेगळे चार्जिंग पोर्ट येतात, त्यांची गोष्ट निराळी. तिथे मॅन्युअलमध्ये वॅट किंवा अँपिअर दिलेले असतात, ते पाहूनच ठरवावं.

आता मेव्हण्यांच्या शंकेबद्दल, कारण ती रास्त आहे आणि बऱ्याच जणांच्या मनात असते. लायटर सॉकेटला फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा, काहींत २०चा. १२ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १२० वॅट. एवढं त्या वायरिंगने सोसावं अशीच तिची रचना असते. ३० वॅटचा चार्जर पूर्ण जोरात चालला तरी स्वतःच्या तुटीसकट गाडीकडून ३५ वॅटच्या आसपास ओढेल. तुमच्या हेडलाइटचा एक साधा एच-४ बल्ब डिपरवर ५५ वॅटचा असतो. म्हणजे चार्जरचा भार एका दिव्याहूनही कमी. इंजिन सुरू असताना हे सगळं डायनॅमो पुरवतो, म्हणजे हल्लीच्या भाषेत अल्टरनेटर, आणि लहान गाडीचा अल्टरनेटरही ५० अँपिअरच्या वर देतो. फोनच्या चार्जरला अडीच अँपिअर लागले तर त्याला जाणवतही नाही.

आणखी एक गोष्ट मेव्हण्यांना सांगा. चार्जरवर १२० लिहिलंय म्हणून तो १२० ओढत नाही. फोन जेवढं मागतो तेवढंच तो देतो. ३३ वॅटचा फोन १२० वॅटच्या चार्जरला लावला तर फोनही जळत नाही आणि गाडीची बॅटरीही बसत नाही. जास्तीचे वॅट फक्त वापरात येत नाहीत, पैसे मात्र गेलेले असतात.

आता चार्जरकडे. या भागावर जरा थांबतो, कारण ग्राहक इथेच फसतात.

फोन आणि चार्जर जोडले गेले की आधी आपसात बोलणी करतात. चार्जर सांगतो, मी ५ व्होल्ट देऊ शकतो, ९ देऊ शकतो, १२ देऊ शकतो. फोन त्यातलं एक निवडतो. ही बोलणी ज्या पद्धतीने होतात तिचं नाव वेगवेगळं आहे. पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, ही सगळ्यांना खुली असलेली पद्धत. टाइप-सी पोर्टवर ती चालते, आणि ५, ९, १५, २० असे ठरलेले व्होल्ट देते. तिचीच पुढची पायरी म्हणजे पीपीएस. त्यात फोन बारीक-बारीक पायऱ्यांनी व्होल्ट कमी-जास्त करून घेतो, त्यामुळे फोन कमी तापतो. क्वालकॉमची क्विक चार्ज जुनी आणि अजून बरीच चालू आहे, ती मुख्यतः जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टवर दिसते. आणि मग कंपन्यांच्या स्वतःच्या पद्धती. ओप्पो, वनप्लस, रिअलमीची सुपरवूक, विवोची फ्लॅशचार्ज, शाओमीची तिची स्वतःची.

दोघांची बोलणी जुळली नाहीत तर काय होतं? फोन बंद पडत नाही, चार्जिंगही थांबत नाही. दोघे गुपचूप खालच्या पायरीवर येतात, ५ व्होल्टला दोन-एक अँपिअर, म्हणजे दहा वॅट. खोक्यावर ६५ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दहा पदरात पडतात. सॅमसंगचं उदाहरण घ्या. त्यांच्या २५ वॅटच्या सुपर फास्ट चार्जिंगला पीपीएस लागतं. चार्जरवर पीडी आहे पण पीपीएस नाही, तर तोच फोन १५ वॅटच्या आसपास अडकतो. आयफोनला साधं पीडी पुरतं, आयफोन ८ पासूनचे सगळे त्यावर वेगाने चार्ज होतात आणि २० वॅटचा चार्जर त्यांना चांगला चालतो. सुपरवूक किंवा फ्लॅशचार्जवाल्या फोनला दुसऱ्या कंपनीचा पीडी चार्जर लावला तर मॉडेलप्रमाणे १० ते १८ वॅट मिळतात, काही नव्या मॉडेलांना त्याहून जास्त. घरच्या चार्जरवर ८० वॅट घेणारा फोन गाडीत हळू का, याचं कारण इथे आहे.

तुम्ही फोनचं मॉडेल लिहिलेलं नाही. ३३ वॅटचा म्हणजे बहुधा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असेल. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या पानावर ‘पीडी’ किंवा ‘पीपीएस’ लिहिलंय का, ते पाहा. नसेल लिहिलं तरी घाबरू नका, का ते पुढे सांगतो.

दुकानात चार्जर हातात आला की पुढचा मोठा आकडा सोडा, मागे किंवा कडेला बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं ते वाचा. अक्षर फार बारीक असतं, फोनने फोटो काढून मोठं करून वाचा. तिथे प्रत्येक पोर्टसमोर व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की त्या पोर्टचे वॅट निघतात. ९ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे २७ वॅट. ५ व्होल्ट, ३ अँपिअर म्हणजे १५. हल्लीचे १२० वॅटवाले बरेचसे चार्जर म्हणजे तीन-चार पोर्टांची बेरीज असते. एखाद्यात एका पोर्टचे ६५ वॅट कोणा एका कंपनीच्याच फोनला मिळणारे असतात, बाकीच्या फोनना तो पोर्ट दहा-पंधराच देतो. आणि दोन फोन एकदम लावले की दोन्ही पोर्ट खाली येतात का, हेही त्याच बारीक अक्षरात एखाद्या ओळीत सापडतं. ज्या चार्जरवर असा तक्ताच नाही, फक्त ‘फास्ट’ आणि ‘सुपर’ छापलंय, तो परत काउंटरवर ठेवायचा.

आता किती लागतात ते ठरवू. तुमचा प्रवास तीन तासांचा. समजा चार्जर फोनला १८ वॅट देतो. तूट धरून फोनच्या पदरात १५ पडतात. त्यातले पाच मॅप आणि स्क्रीन खातात, दहा बॅटरीत जातात. १९ वॅट-तासांची बॅटरी दोन तासांत भरते. प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ लागेल, कारण स्क्रीन चालू असली की बरेच फोन आपणहून चार्जिंगचा वेग कमी ठेवतात आणि ८० टक्क्यांच्या पुढे तर तो मुद्दाम मंद केलेला असतोच. तरी कराडहून ६० टक्क्यांवर निघून पुण्यात ९०च्या वर पोचायला १८ वॅट पुरेसे आहेत. म्हणून फोनवर पीपीएस नाही, पद्धत जुळत नाही, याची तुमच्या बाबतीत फारशी काळजी नको. निम्म्या वेगानेही तुमचं काम होतं.

जास्त वॅट कोणाला लागतात? ज्यांना थोड्या वेळात भरपूर चार्जिंग हवं त्यांना. साताऱ्यात दिवसभर पार्सल पोचवणारे, पंधरा मिनिटं गाडी चालवून वीस मिनिटं थांबणारे, स्टँडवरून छोटे फेरे मारणारे टॅक्सीवाले. त्यांनी फोनच्या कंपनीचाच कार चार्जर आणि तिचीच केबल घ्यावी, महाग पडली तरी. गाडीत लॅपटॉप चार्ज करायचा असेल तर टाइप-सी पोर्टवर २० व्होल्टची ओळ असलेला, ६० वॅटच्या वरचा चार्जर लागतो. आणि घरातले चौघे चार फोन घेऊन बसणार असतील तर पोर्ट जास्त हवेत. तुमचा प्रश्न यातला नाही.

इतकं झाल्यावर माझं मत सांगतो. एका टाइप-सी पोर्टवर स्वतंत्रपणे २७ ते ३० वॅट देणारा, पीडी आणि पीपीएस दोन्ही लिहिलेला, आणि सोबत दुसरा चौकोनी पोर्ट असलेला चार्जर घ्या. नावाजलेल्या कंपनीचा असा चार्जर साधारण आठशे ते दीड हजारात मिळतो. उद्या फोन बदलला तरी तो चालेल, कारण पीडी आता जवळपास सगळेच कमी-अधिक प्रमाणात ओळखतात. केबल मात्र वेगळी आणि चांगली घ्या.

कारण अर्ध्याहून जास्त तक्रारी केबलपाशी संपतात. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवली आणि पुढे अर्ध्या इंची पाइप जोडला, तर शेवटच्या सरीला पाणी किती पोचेल? तसंच हे. आमच्याकडे यूएसबीला मध्ये लावायचा एक छोटा मीटर असतो, दोन बोटांएवढा, त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. ‘चार्जर लावूनही बॅटरी उतरते’ म्हणून कोणी आलं की मी तो मीटर आधी चार्जरच्या तोंडाशी लावतो आणि मग केबलच्या टोकाला. चार्जरपाशी ५.१ व्होल्ट दिसतात आणि टोकाला सव्वाचार. फोनला व्होल्ट पडलेले कळतात, तो मागणी कमी करतो, दोन अँपिअरवरून अर्ध्यावर येतो. तोच चार्जर, तोच फोन, दुसरी जाड केबल लावली की आकडा तिथल्या तिथे वर चढतो. समोर बघणाऱ्या माणसाचा विश्वास बसत नाही, कारण तो नवा चार्जर घ्यायच्या तयारीने आलेला असतो.

यामागचं गणित सोपं आहे. केबलच्या आतली तांब्याची तार जितकी बारीक तितका तिचा विरोध जास्त. तारेची जाडी ‘एडब्ल्यूजी’ या मापात देतात आणि त्यात आकडा मोठा म्हणजे तार बारीक. २८ नंबरच्या तारेच्या एक मीटर केबलमध्ये, वीज जायला एक तार आणि यायला एक, असा मिळून ०.४३ ओहम विरोध येतो. दोन अँपिअर वाहिले की ०.८ व्होल्टच्या वर तिथेच पडतो. २४ नंबरची तार घेतली तर तोच आकडा ०.३४ व्होल्टवर येतो. काही केबलींच्या अंगावर हा नंबर छापलेला असतो, ‘२४ एडब्ल्यूजी/२सी’ असा. नसेल तर लांबी कमी ठेवा. मागच्या सीटवर बसून फोन बघता यावा म्हणून दोन-तीन मीटरची बारीक केबल घेतात, ती ड्रायव्हरच्या मॅपसाठी वापरू नका. एक मीटर पुरते.

९ व्होल्टवर चार्जिंग होतं तेव्हा हा त्रास कमी होतो, कारण तेवढेच वॅट कमी अँपिअरमध्ये पोचतात. हे पीडीचं आणखी एक सुख. त्यासाठी केबल दोन्हीकडे टाइप-सी असलेली हवी, एका बाजूला चौकोनी यूएसबी असेल तर त्यावर पीडी चालत नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. त्यापुढे जायचं तर आत ओळख पटवणारी चिप असलेली, पाच अँपिअरची केबल लागते. सॅमसंगच्या ४५ वॅटवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. सुपरवूकवाल्यांना तर कंपनीचीच केबल लागते, साध्या केबलवर तो वेग मिळतच नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात : पोर्ट बदला, चार्जरचा बारीक तक्ता वाचा, केबल आखूड आणि जाड घ्या. यानंतरही फोन नीट चार्ज होत नसेल तर दोष बहुधा उष्णतेचा असतो.

मार्च-एप्रिलमध्ये दुपारी खंबाटकी ओलांडून तुम्ही शिरवळकडे चाललात, फोन पुढच्या काचेवर चिकटवलेला. वरून ऊन थेट स्क्रीनवर, मागे फास्ट चार्जिंगची उष्णता, आत प्रोसेसर मॅप काढतोय. अशात बॅटरीचं तापमान ४० अंशांच्या वर जायला वेळ लागत नाही. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिच्या आयुष्याला घातक, म्हणून फोन स्वतःच आधी वेग कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. वर संदेश येतो, पण गाडी चालवताना तो दिसत नाही, आणि पुण्यात उतरल्यावर दोष चार्जरला दिला जातो. यावर उपाय म्हणजे होल्डर एसीच्या जाळीवर लावा, एसीची थंड हवा फोनच्या पाठीवर घ्या. जाड कव्हर काढा. स्क्रीनचा उजेड गरजेपुरता ठेवा. थंडीत मात्र हीटर चालू असताना हा होल्डर जाळीवर नको, तेव्हा उलटं होईल.

वायरलेस चार्जिंगच्या होल्डरबद्दल बरेच जण विचारतात. दिसायला छान, केबलची कटकट नाही. पण त्यात विजेचा बराच भाग उष्णता होऊन जातो आणि ती उष्णता फोनच्या पाठीलाच लागते. पावसाळी प्रवासात चालून जाईल. उन्हाळ्यात मॅपसाठी मी तो सुचवत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि इथे मला कळकळीने सांगायचंय. सिग्नलवर, टोलनाक्यावर शे-दीडशेला मिळणारे चार्जर आमच्याकडे जळालेले येतात. उघडून पाहिलं की आत नखाएवढी सर्किटची पट्टी, आठ पायांची एक चिप, एक कॉइल आणि दोन कपॅसिटर. चांगल्या चार्जरच्या पितळी टोकाखाली किंवा आतल्या पट्टीवर फ्यूज असतो, इथे टोकाची स्प्रिंग थेट पट्टीला डाख देऊन जोडलेली. अशा चार्जरमध्ये आतला स्विच शॉर्ट झाला की गाडीचे १२-१४ व्होल्ट सरळ फोनच्या पोर्टवर जातात. व्होल्ट वाढले तर मध्येच तोडणारी सोय त्यात नसतेच. फोनची चार्जिंग सर्किट उडाली की दुरुस्तीचा खर्च चांगल्या चार्जरच्या कितीतरी पट होतो.

दुसरा त्रास ढिल्या बसण्याचा. चार्जर सॉकेटमध्ये डुगडुगत असेल तर प्रत्येक खड्ड्याला टोकाशी ठिणगी पडते, तिथे उष्णता वाढते आणि सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वितळायला लागतं. घेताना गाडीत लावून बघा, हाताने हलवून बघा. तासाभराने चार्जर काढल्यावर त्याचं टोक कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तो वापरू नका.

सॉकेट अचानक मेला तर चार्जरला दोष देण्याआधी टॉर्च मारून आत बघा. आत एखादं छोटं नाणं किंवा गोळीच्या पाकिटाची चांदी पडलेली सापडते. सॉकेटच्या तळाशी मधला टप्पा पॉझिटिव्ह आणि कडेचं भांडं अर्थ, त्या दोन्हींमध्ये नाणं बसलं की फ्यूज उडतो. नाणं काढण्याआधी किल्ली बंद करा, आणि धातूचा चिमटा वापरू नका. मग फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघून तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका. लाल १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा. ‘सारखा उडतोय म्हणून मोठा टाका’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा तर कधीच नको. फ्यूज वाचवतो ते डॅशबोर्डच्या मागची वायरिंग, आणि ती पेटली तर चालत्या गाडीत धूर होतो.

एका सॉकेटला तीन करणारे स्प्लिटर लावून त्यावर चार्जर, डॅशकॅम आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप एकदम चालवणारेही मी पाहतो. फोन आणि डॅशकॅमला हरकत नाही. हवेचा पंप एकटा दहा अँपिअरच्या आसपास जाऊ शकतो, तो चालवताना बाकी सगळं काढून ठेवा. डॅशबोर्डमध्ये कायमचा पोर्ट बसवायचा असेल तर वेगळा फ्यूज असलेली स्वतंत्र लाइन काढून घ्या, आणि गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा.

ट्रकवाल्यांसाठी एक ओळ. गळीत हंगामात उसाच्या ट्रकचे ड्रायव्हर येतात, त्यांनी कारचा चार्जर लावलेला असतो आणि तो पहिल्याच दिवशी गेलेला असतो. मोठ्या ट्रकची सिस्टिम २४ व्होल्टची असते. चार्जरवर ‘इनपुट १२-२४ व्होल्ट’ लिहिलेलं असेल तरच तिथे लावा. तुमच्या गाडीला याचा संबंध नाही, पण चार्जर मित्राला उसना देताना उपयोगी पडेल.

चार्जर आणल्यावर तो नीट आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. गाडी सुरू करा, रेडिओवर थोडी मंद येणारी वाहिनी लावा आणि मग चार्जरला फोन जोडा. लगेच खरखर वाढली तर चार्जरमधलं फिल्टरिंग कच्चं आहे. साताऱ्यात बसून आकाशवाणी सांगली ऐकणाऱ्यांना हा फरक पटकन कळतो. दुसरी तपासणी प्रवासातच करा. मॅप चालू ठेवून अर्ध्या तासाने टक्के बघा. बॅटरी ५०च्या आसपास असताना १८ वॅटवर अर्ध्या तासात पंधरा ते पंचवीस टक्के वाढायला हवेत. पाच-सातच वाढले तर आधी केबल बदलून बघा, मग फोन हाताला गरम लागतो का ते बघा, चार्जर सगळ्यात शेवटी.

मेव्हण्यांच्या शंकेत एक खरी बाजू आहे, ती राहिली. काही गाड्यांत लायटर सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतो. चार्जरवरचा निळा दिवा जळत राहिला तर तुमचा सॉकेट तसा आहे. रिकामा चार्जर अगदी थोडी वीज खातो, एक-दोन दिवसांत काही होत नाही. पण गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल आणि बॅटरी आधीच जुनी असेल, तर चार्जर आणि डॅशकॅम दोन्ही काढून ठेवा.

तुमच्या फोनचं मॉडेल, सॉकेटच्या फ्यूजचा आकडा आणि सध्याच्या केबलवर काही नंबर छापलेला असेल तर तो इथे लिहा. मग पीपीएस लागेल की साधं पीडी पुरेल, हे तुमच्या फोनपुरतं ठामपणे सांगता येईल.